१२० जीबीची सी आणि दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ

२०२३ साली अधिक श्रावण आला. त्यामुळे गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि दिवाळी थेट नोव्हेंबरात गेली. आम्हा डीटीपीवाल्यांना असं वर्ष मानवतं, हंगामात जास्तीचे तीन-चार आठवडे मिळतात. मी पुण्यात घरूनच अक्षरजुळणी आणि मांडणी करते. त्या वर्षी हातात तीन दिवाळी अंक आणि चार पुस्तकं होती. ऑगस्टच्या शेवटी एका अंकाचं मुखपृष्ठ फोटोशॉपमध्ये उघडलेलं होतं. चित्रकारांनी काही भाग नव्याने रंगवून पाठवले होते, ते नीट बसवले, मलपृष्ठाची जाहिरात लावली, आणि सेव्ह करायला गेले तर पडद्यावर चौकट: स्क्रॅच डिस्क भरली. स्क्रॅच म्हणजे काम चालू असताना फोटोशॉप आपलं तात्पुरतं सामान डिस्कवर जिथे ठेवतं ती जागा. फाइल काही केल्या सेव्ह होईना. दोन तासांचं काम गेलं.

सी ड्राइव्हची पट्टी लालभडक होती. १११ जीबीपैकी ६ जीबी मोकळी.

हा संगणक मी २०१८ मध्ये जोडून घेतला होता. तेव्हा जोडणारे सगळेच एक ठरलेला सल्ला देत: १२० जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, विंडोजला (ती सी) आणि १ टीबीची हार्ड डिस्क बाकी सगळ्याला (ती डी). त्या वेळी तो सल्ला चुकीचा नव्हता. एसएसडी महाग होती, आणि विंडोज झटकन सुरू होतंय एवढ्यावरच आम्ही खूश होतो. पण पाच वर्षांत प्रोग्रॅम फुगले, विंडोज फुगलं, आणि सी तेवढीच राहिली. दर दोन महिन्यांनी डिस्क क्लीनअप चालवायचं, डाउनलोड रिकामे करायचे, डेस्कटॉपवरच्या फाइली डी वर हलवायच्या. दोन वर्षं मी हेच करत होते. फोटोशॉपची स्क्रॅच आधी डी वरच होती, पण हार्ड डिस्कवर ती इतकी रखडायची की मीच ती सी वर आणली होती. त्याचा हा परिणाम.

नवी एसएसडी घ्यायची हे त्याच रात्री ठरलं. किती जीबीची घ्यायची, हे ठरायला मात्र पंधरा दिवस लागले. ते पंधरा दिवस वाया गेले असं मला वाटत नाही.

पहिला सल्ला तपकीर गल्लीतल्या दुकानात मिळाला. "ताई, ५०० घ्या. सगळे तेच नेतात." दुसरा सल्ला भाच्याचा. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता, गेम खेळणारा. "मावशी, २ टीबीच घे. एकदाच काय तो खर्च. ती जुनी हार्ड डिस्क काढूनच टाक." दोघंही मनापासून सांगत होते. पण दुकानदाराने माझ्या संगणकात काय आहे ते विचारलं नव्हतं, आणि भाचा स्वतःच्या गेमवरून हिशेब करत होता. एकेक गेम शंभर जीबीचा. माझं काम वेगळं. म्हणून मी आधी मोजायचं ठरवलं.

मोजायला विनडिरस्टॅट हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरला. तो प्रत्येक फोल्डरचा आकार रंगीत चौकोनांत दाखवतो. आतली काही फोल्डरं दिसावीत म्हणून तो अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावा लागतो. सी वर मला जे सापडलं ते असं. विंडोजचं स्वतःचं फोल्डर २७ जीबी. प्रोग्रॅम २४. संगणक झोपवला की मेमरीतला मजकूर जिथे उतरवून ठेवला जातो ती हायबरनेशनची फाइल ६ जीबीहून थोडी जास्त, कारण माझी रॅम १६ जीबी आहे आणि ती फाइल साधारण रॅमच्या चाळीस टक्के असते. रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती पेज फाइल ८. विंडोजने अपडेटसाठी राखून ठेवलेली सुमारे ७. राहिलेली ३१ जीबी माझ्या नावाच्या फोल्डरात, आणि त्यातली २२ अॅपडेटा नावाच्या एरवी न दिसणाऱ्या फोल्डरात होती. ब्राउझरचा साठा, अडोबीचा साठा, व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो. लेखक हल्ली हस्तलिखिताचे फोटोसुद्धा व्हॉट्सअॅपवर पाठवतात, आणि ते सगळे सी वर येऊन बसत होते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

१२० ची डिस्क १११ का दिसते, हे बऱ्याच जणांना दुकानदाराची लबाडी वाटते. तसं नाही. कंपनी १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि त्यालाही जीबीच म्हणतं. म्हणून ५०० ची डिस्क ४६५ दिसते आणि १ टीबीची ९३१. हिशेब करताना मी ४६५ आणि ९३१ हेच आकडे धरले, खोक्यावरचे नाही.

मग डी ची पाळी. पूर्ण झालेली कामं मी वर्षवार ठेवते, त्यामुळे वाढ कशी होत गेली ते समोरच दिसलं. २०१९ ची कामं ४८ जीबी, २०२० ची ३९, २०२१ ची ६६, २०२२ ची ९७. पानं तेवढीच, अंकही तेवढेच. फोटोंचा आकार वाढला. पूर्वी लेखकाचा पासपोर्टएवढा फोटो यायचा, आता मोबाइलवर काढलेला पूर्ण आकाराचा येतो, आणि एकाऐवजी बारा येतात. चालू कामं ७४ जीबी होती. याशिवाय घरचे फोटो, आणि स्कॅन.

स्कॅनबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या हिशेबात सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती. आजोबांच्या संग्रहातले पन्नास-साठच्या दशकांतले चाळीसेक दिवाळी अंक माझ्याकडे आहेत. कागद पिवळा पडलाय, कडा हाताला लागून तुटतात. ते मला जपून ठेवायचे आहेत, म्हणून ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन करते. ए-४ आकाराचं एक पान, दाबून लहान न करता, सुमारे १०४ एमबी होतं. दोनशे पानांचा अंक म्हणजे २१ जीबी. त्यातून पान सरळ करायचं, डाग काढायचे, त्याची दुसरी प्रत होते, मग पीडीएफ. एका अंकामागे पन्नास जीबी सहज. चाळीस अंकांचे गुणाकार केले तर २ टीबीसुद्धा पुरत नाही. भाचा बरोबर होता की काय, असं मला त्या संध्याकाळी वाटलं.

पण मग लक्षात आलं की चाळीस अंक मी एकाच वेळी हाताळत नाही. एका वेळी एकच अंक टेबलावर असतो. तो पूर्ण झाला की कच्चे स्कॅन पुन्हा क्वचितच उघडते. त्यांना वेगवान डिस्क कशाला? त्यांना सुरक्षित जागा हवी. इथून माझा प्रश्नच बदलला. माझ्याकडे एकूण किती माल आहे हा प्रश्न नव्हता. त्यातलं रोज हाताखाली काय असतं, एवढंच एसएसडीला विचारायचं होतं.

मग कागदावर आकडे मांडले. विंडोज, प्रोग्रॅम आणि त्यांचा साठा मिळून ९०. चालू कामं आज ७४, पण हंगामाचा जोर आणि पुढची वाढ धरून १५०. स्क्रॅच ४०. हा आकडा मी पाहून काढला. स्क्रॅच तात्पुरती डी वर नेली होती, आणि ए-३ एवढं पसरलेलं मुखपृष्ठ उघडून काम करताना डी ची मोकळी जागा किती उतरते ते पाहत राहिले. तीनशे डीपीआयला चार रंगांचा एकेक थर ७० एमबीचा, थर पंचवीस, वर मागे जाण्यासाठी साठवलेल्या पायऱ्या. ३४ जीबीपर्यंत गेली. शेवटी एका अंकाचं स्कॅन ५०. बेरीज ३३०.

एसएसडी काठोकाठ भरू नये. आतला कंट्रोलर पुसलेल्या जागा गोळा करून नव्या लिखाणासाठी तयार ठेवतो, त्याला हालचालीला जागा लागते. शिवाय आजच्या बहुतेक एसएसडी मोकळ्या जागेचा काही भाग लिखाणाची घाई झेलायला वापरतात. डिस्क भरत गेली की हा भाग आक्रसतो आणि मोठी फाइल लिहिताना वेग घसरतो. मी वीस टक्के मोकळी ठेवायची धरली. ४६५ चे ऐंशी टक्के ३७२. म्हणजे दुकानदाराची ५०० माझ्या ३३० ला पुरत होती. बेचाळीस जीबी उरत होत्या.

मोठ्या डिस्कच्या बाजूने लोक जी कारणं देतात, तीही माझ्या संगणकावर घासून पाहिली. पहिलं कारण आयुष्याचं. मी पाहत होते त्या डब्ल्यूडी ब्लू एसएन५७० च्या ५०० जीबीला ३०० टीबी लिखाणाची हमी होती, १ टीबीला ६०० ची. दुप्पट, म्हणून दुप्पट चांगली? माझ्या जुन्या एसएसडीवर पाच वर्षांत किती लिहिलं गेलं ते क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिलं: ३१ टीबी. वर्षाला सहा. या वेगाने ३०० टीबी संपायला पन्नास वर्षं लागतील. ते कारण गळलं.

दुसरं कारण वेगाचं. एसएसडीत मेमरीच्या चकत्या जितक्या जास्त, तितकं एकाच वेळी अनेकींवर लिहिता येतं, म्हणून मोठी डिस्क लिहायला जलद असते. त्याच मॉडेलचा लिखाणाचा कमाल वेग ५०० जीबीला सेकंदाला २,३०० एमबी आणि १ टीबीला ३,०००. खरी गोष्ट आहे. पण माझा मदरबोर्ड एच३१० चिपसेटचा. या चिपसेटच्या लेन, म्हणजे माहितीने ये-जा करायच्या वाटा, पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या. बोर्डाच्या पुस्तिकेत पाहिलं तर एम.२ च्या, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसते त्या, खाचेला अशा चार लेन, म्हणजे कागदावरसुद्धा सेकंदाला २,००० एमबीच्या वर काही जाणारच नव्हतं. दोन्ही डिस्का माझ्याकडे सारख्याच धावल्या असत्या. तेही कारण गळलं. ती पुस्तिका उघडली म्हणून आणखी महागड्या, चौथ्या पिढीच्या एसएसडीचा मोहही टळला. जुना बोर्ड असेल त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, खाच एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवरून चालणारी जलद पद्धत) चालवते की फक्त साटा (जुनी, हळू पद्धत), आणि किती लेनची, हे आधी पुस्तिकेत पाहा.

उरलं एकच कारण, वाढीचं. आणि ते खरं होतं. माझी वर्षवार यादीच सांगत होती. २०२० पासून कामं दरवर्षी दीडपटीच्या आसपास जड होत होती. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती, म्हणजे विंडोज ११ येणार, आणि वरच्या आवृत्तीवर जाताना जुनं विंडोज दहा दिवस शेजारी तसंच पडून राहतं. ५०० मधले ते बेचाळीस जीबी दोन दिवाळ्यांतच संपले असते, आणि मी पुन्हा लाल पट्टीपाशी आले असते. दुकानात ५०० ला २,७०० रुपये सांगितले होते, १ टीबीला ४,४००. फरक १,७०० चा. दोन वर्षांनी सगळं पुन्हा उचलून नव्या डिस्कवर न्यायचा त्रास मला १,७०० रुपयांहून जड वाटला.

२ टीबी का नाही, याचं उत्तर मला डी ने दिलं. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलंच होतं म्हणून हार्ड डिस्कवरही क्लिक केलं. तिथे निळ्याऐवजी पिवळं, सावध राहा म्हणणारं. काही सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे तुकडे, खराब होऊन डिस्कने ते बदलून घेतले होते. पाच वर्षांची पूर्ण झालेली कामं, घरचे फोटो, आजोबांच्या सहा अंकांचे स्कॅन, सगळं त्या एका डिस्कवर होतं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी बराच वेळ तशीच बसून होते. त्यातले दोन अंक तर आता पुन्हा स्कॅनरवर ठेवता येतील अशा अवस्थेतही नाहीत.

२ टीबीची एसएसडी ९,७०० ला होती. १ टीबीची ४,४०० ला, आणि २ टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क ५,६०० ला. दोन्ही मिळून दहा हजार. जवळपास त्याच पैशांत एक प्रशस्त डिस्क, किंवा पुरेशी डिस्क आणि वर प्रत ठेवायला जागा. भाच्याला फोन करून हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मावशी, मी बॅकअपचा विचारच नव्हता केला."

साठवणीला बाहेरची डिस्कही एसएसडीच घ्यावी असं कुणी म्हणेल. मी मुद्दाम घेतली नाही. एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची वस्तू नाही, तिच्यातला विद्युतभार हळूहळू ओसरतो. शिवाय एसएसडीवरून चुकून पुसलेली फाइल परत मिळवणं फार अवघड, कारण पुसलेली जागा ती स्वतःच साफ करत असते.

बसवण्याचं काम गणपतीच्या आधीच्या रविवारी केलं. त्यातही पहिलं काम बाहेरच्या डिस्कवर सगळ्याची प्रत. सहा तास लागले. मग एम.२ ची ती ८० मिलिमीटर लांबीची पट्टी तिरकी खाचेत घातली, आडवी दाबली, एक स्क्रू.

विंडोज नव्याने टाकावं असा सल्ला सगळे देतात आणि तो चांगला आहे, पण मला परवडणारा नव्हता. माझ्याकडे पंधरा वर्षांत साठलेले युनिकोडच्या आधीचे फाँट आहेत, श्रीलिपी हे मराठी जुळणीचं सॉफ्टवेअर आहे, त्याचं परवान्याचं कुलूप आहे. जुन्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघते तेव्हा ते पुस्तक त्याच फाँटमध्ये, त्याच आवृत्तीत उघडावं लागतं. फाँटची आवृत्ती जराशी बदलली तरी ओळ एका शब्दाने पुढे सरकते आणि तीनशे पानांची सूची चुकते. म्हणून जसंच्या तसं उचलायचं ठरवलं, क्लोनझिला या डिस्कची हुबेहूब प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने. वीस मिनिटांत झालं, जुन्या डिस्कची केबल काढली, संगणक सुरू केला आणि निळा पडदा आला. साटावरून एनव्हीएमईवर गेलं की हे होऊ शकतं. विंडोजला सुरुवातीलाच लागणारा ड्रायव्हर तोवर कधी लागलेलाच नसतो. उपाय सोपा निघाला. जुनी डिस्क पुन्हा जोडून विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगितलं, पुन्हा क्लोन केलं. सेफ मोडमध्ये ते निमूट सुरू झालं, आणि मग ती खूण काढून टाकली.

पुढची अडचण जागेची. नव्या डिस्कवरही सी १११ चीच दिसत होती, आणि उरलेली आठशेच्या वर जीबी काळ्या पट्टीत, कुणाच्याच नावावर नाही. सी वाढवायचा पर्याय मिटलेला. कारण दोघांच्या मध्ये विंडोजचं छोटं रिकव्हरी पार्टिशन बसलं होतं, आणि विंडोज फक्त लगतची जागा जोडू देतं. पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड हा डिस्कचे भाग हलवणारा प्रोग्रॅम सुरू करून ते पार्टिशन उचललं आणि डिस्कच्या शेवटी नेऊन ठेवलं. मग सी वाढली. ही गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर माझी ती संध्याकाळ वाचली असती.

ते मुखपृष्ठ त्या रात्री पुन्हा केलं. चालू कामं आता सी वरच असतात. पूर्ण झाली की बाहेरच्या डिस्कवर जातात. पिवळी पडलेली हार्ड डिस्क मी त्या डिसेंबरात बदलली, तेव्हापासून प्रत्येक पूर्ण कामाच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर असतात. गेल्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे २०२५ मध्ये, विंडोज ११ टाकलं. माझा आठव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर विंडोज ११ चालणाऱ्यांच्या यादीत बसतो. जुनं विंडोज दहा दिवस शेजारी पडून होतं ते मला जाणवलंसुद्धा नाही. सी वर तेव्हा ४६० जीबी भरलेली होती. ५०० ची घेतली असती तर मावलंच नसतं, आणि २ टीबीची घेतली असती तर तीन चतुर्थांश डिस्क रिकामीच असती.

जुनी १२० जीबीची एसएसडी मी टाकून दिली नाही. तिला पुन्हा केबल जोडली आणि फोटोशॉपची स्क्रॅच तिच्यावर नेली. स्क्रॅचमधलं काहीच जपायचं नसतं, फोटोशॉप बंद केलं की ते पुसलं जातं, त्यामुळे ती उद्या बंद पडली तरी एकही पान जाणार नाही. आजोबांच्या संग्रहातला सव्विसावा अंक सध्या टेबलावर आहे. त्याची एकशे बारा पानं झाली आहेत.